एका संगणकात दुसरा संगणक

(केंद्र शिक्षण परिषदेतील भाषण)



एकशिक्षकी शाळा ज्यांनी चालविली आहे, त्यांना आजचा विषय समजावयास कठीण जाऊ नये. खोली एक, फळा एक, शिक्षक एक आणि इयत्ता चार. पहिलीला अक्षरे गिरवावयास लावावीत, दुसरीला पाढे लिहावयास द्यावेत, तिसरीचे शुद्धलेखन तपासता तपासता चौथीपुढे जिल्ह्याचा नकाशा उघडावा. गुरुजी वस्तुतः एका वेळी एकाच इयत्तेचे असतात. परंतु त्यांची फेरी इतक्या चपळाईने चालते की, प्रत्येक इयत्तेला ते आपलेच वाटतात. संगणकाच्या पोटात नेमका हाच प्रकार घडवून आणता येतो. यंत्र एक, परंतु त्यावर दोन संपूर्ण कार्यप्रणाली एकाच वेळी नांदतात आणि प्रत्येकीला वाटते की, यंत्र सर्वस्वी आपले आहे. या युक्तीस 'व्हर्च्युअलायझेशन' म्हणतात. मराठीत 'आभासीकरण' हा शब्द रूढ होऊ लागला आहे. शब्दाला वेदान्ताचा वास येतो खरा, परंतु काम अगदी व्यवहारातले आहे.

एका द्विशिक्षकी शाळेची हकिगत येथे उपयोगी पडेल. शाळेत संगणक एकच. यू-डायसची माहिती त्यावरूनच भरावयाची, शालेय पोषण आहाराचा हिशेब त्यावरच ठेवावयाचा, निकालपत्रके त्यावरच तयार करावयाची. असा संगणक म्हणजे शाळेचे दप्तरच झाले; साहजिकच दप्तराच्या कपाटाप्रमाणे त्यालाही कुलूप होते. मुलांना तो दुरून पाहावयास मिळे, हात लावावयास मिळत नसे.

त्या शाळेतील गुरुजींच्या मनात दोन गोष्टी होत्या. मुलांना संगणक मोकळेपणाने हाताळावयास द्यावा आणि विंडोजखेरीज लिनक्स ही दुसरी प्रणालीही त्यांच्या दृष्टीस पडावी, ही एक. दुसरी गोष्ट जुनी होती. त्यांच्या आधीच्या गुरुजींनी सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी शिष्यवृत्ती परीक्षेच्या सरावासाठी शेकडो प्रश्न स्वतः रचून, संगणकावर टंकलिखित करून ठेविले होते. ते ज्या मराठी टंकलेखनाच्या कार्यक्रमात लिहिलेले होते, तो कार्यक्रमच नव्या संगणकावर चालत नव्हता. याचे कारण सांगण्यासारखे आहे. तो कार्यक्रम १६ बिटांच्या जमान्यातला होता, आणि ६४ बिटांच्या विंडोजमध्ये १६ बिटांचे कार्यक्रम मुळीच चालत नाहीत. विंडोज ११ तर ६४ बिटांखेरीज अन्य रूपात निघालेलीच नाही. फाईल उघडावी तर 'भागाकार करा' याच्या जागी इंग्रजी अक्षरांचा भुसा दिसे. कारण युनिकोडपूर्व काळातील पुष्कळशा मराठी टंकांत देवनागरी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसविलेली होती. एका शिक्षकाच्या आयुष्याचे काम डोळ्यांसमोर होते आणि वाचता येत नव्हते.

गुरुजींचा हात आखडण्यास आणखी एक कारण होते. शेजारच्या एका गावातील शिक्षकांनी अशाच उत्साहाच्या भरात दुसरी प्रणाली घालण्यासाठी संगणकाच्या डिस्कचे दोन भाग करावयास घेतले. भाग करताना चुकीच्या भागावर खूण पडली, आणि सहा वर्षांची निकालपत्रके क्षणार्धात नाहीशी झाली. पुढे ती जुन्या कागदांवरून पुन्हा भरून काढण्यात दोन शिक्षकांची उन्हाळ्याची सुटी गेली.

डिस्क विभागून दोन प्रणाली ठेवण्याची ही पद्धत वाईट आहे असे मात्र नाही. ती जुनी व प्रचलित आहे. संगणक सुरू करताना 'कोणती प्रणाली हवी' असे विचारले जाते, आणि निवडलेल्या प्रणालीला सर्व यंत्र, सर्व वेग मिळतो. परंतु एका वेळी एकच प्रणाली चालते; दुसरीकडे जावयाचे तर संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो; आणि भाग पाडतेवेळी चुकीला क्षमा नसते. शाळेत दुसरा संगणक असेल तर प्रश्नच मिटला. तो नाही म्हणून तर हा सारा विचार.

आता आभासीकरण म्हणजे नेमके काय, ते पाहू. कार्यप्रणाली ही संगणकाच्या सर्व साधनांची व्यवस्थापक होय. स्मृती कोणाला किती द्यावयाची, डिस्कवर कोठे लिहावयाचे, पडद्यावर काय दाखवावयाचे, हे ती ठरविते. आभासीकरणात विंडोजसारख्या मूळ प्रणालीवर एक विशेष कार्यक्रम बसविला जातो. तो कार्यक्रम दुसऱ्या प्रणालीपुढे एक संपूर्ण खोटा संगणक उभा करतो: खोटा प्रोसेसर, खोटी स्मृती, खोटी डिस्क, खोटा पडदा. खऱ्या प्रणालीला 'यजमान' व आतल्या प्रणालीला 'पाहुणा' म्हणण्याचा प्रघात आहे. पाहुण्याची ती डिस्क म्हणजे यजमानाच्या डिस्कवरील एक मोठी फाईल असते, आणि त्याचा पडदा म्हणजे यजमानाच्या पडद्यावरील एक चौकट. पाहुण्याला यातले काहीच ठाऊक नसते.

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे आयबीएमचे एक शास्त्रीय केंद्र होते. संगणक तेव्हा खोलीएवढा व अत्यंत महाग असे. एक यंत्र अनेक जणांत वाटून घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. तेथे रॉबर्ट क्रीझी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सीपी-४० नावाची प्रणाली रचली, आणि जानेवारी १९६७ पासून ती प्रत्यक्ष वापरात आली. तिने एका सिस्टिम ३६० यंत्राची १४ आभासी यंत्रे केली. प्रत्येक वापरणाऱ्यास वाटे की एक संपूर्ण ३६० आपल्यापुढे आहे. एका गुरुजींकडे १४ इयत्ता, असे म्हणावयास हरकत नाही. त्याच घराण्यातील व्हीएम/३७० ही प्रणाली आयबीएमने १९७२ मध्ये जाहीर केली. पुढे १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी एका निबंधात या विद्येची तत्त्वे काटेकोरपणे मांडली: खोटे यंत्र खऱ्याप्रमाणेच वागले पाहिजे, साधनांवरील अंतिम ताबा पाहुण्याकडे न जाता नियंत्रक कार्यक्रमाकडेच राहिला पाहिजे, आणि बहुतेक आज्ञा थेट खऱ्या प्रोसेसरवर चालून वेग टिकला पाहिजे.

यांतील ताब्याची गोष्ट थोडी उकलून सांगणे इष्ट आहे, कारण सर्व मर्म तेथेच आहे. प्रोसेसरच्या आज्ञा दोन जातींच्या असतात. बेरीज करा, अंक हलवा, तुलना करा, या साध्या आज्ञा. त्या कोणीही द्याव्यात. परंतु स्मृतीची वाटणी बदला, यंत्र थांबवा, या अधिकाराच्या आज्ञा होत; त्या कार्यप्रणालीनेच द्यावयाच्या असतात. शाळेत सरावपाठासाठी आलेला छात्राध्यापक पाठ घेऊ शकतो, फळा वापरू शकतो. परंतु त्याने जनरल रजिस्टरच्या कपाटाला हात घातला तर मुख्याध्यापक त्याला थांबवतात आणि योग्य असेल ते स्वतः करून देतात. तद्वत पाहुणा प्रणालीने अधिकाराची आज्ञा दिली की प्रोसेसर तिला अडवितो आणि नियंत्रक कार्यक्रमास बोलावितो. नियंत्रक त्या आज्ञेचा परिणाम खोट्या यंत्रापुरताच घडवून आणतो आणि पाहुण्याला पुढे चालू देतो.

आपल्या टेबलावरील संगणकांत इंटेलच्या वंशातले प्रोसेसर असतात, आणि त्यांत एक अडचण होती. काही नाजूक आज्ञा अनधिकाराने दिल्या, तरी त्या अडविल्या जात नसत. मुकाट्याने काहीतरी वेगळेच उत्तर देऊन त्या पुढे जात. पेंटियम प्रोसेसरात अशा १७ आज्ञा असल्याचे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखविण्यात आले. ज्या चोराची चाहूल लागत नाही, त्याला पकडावे कसे? १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने यावर तोड काढली. पाहुण्याच्या आज्ञा चालण्यापूर्वीच वाचावयाच्या आणि त्यांतील धोक्याच्या आज्ञा बदलून त्यांजागी निरुपद्रवी आज्ञा घालावयाच्या. या रीतीने चालणारे तिचे 'वर्कस्टेशन' १९९९ मध्ये विक्रीस आले. नंतर इंटेलने २००५ मध्ये व एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरातच आभासीकरणाची सोय केली, आणि मूळची अडचण दूर झाली. आज शाळांतून असलेल्या बहुतेक संगणकांत ही सोय असते. पुष्कळदा ती बंद ठेवलेली असते, एवढेच. विंडोजमधील 'टास्क मॅनेजर' उघडून 'परफॉर्मन्स' या पानावर 'सीपीयू' निवडावा. तेथे 'व्हर्च्युअलायझेशन' या शब्दापुढे ती चालू आहे की बंद, ते लिहिलेले आढळते. बंद असल्यास संगणक सुरू होतानाच्या मूळ मांडणीत, म्हणजे बायॉसमध्ये, ती चालू करावी लागते. इंटेलच्या यंत्रांत तिचे नाव 'व्हीटी-एक्स' अथवा 'व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी' असे, तर एएमडीच्या यंत्रांत पुष्कळदा 'एसव्हीएम' असे असते.

आता खर्चाचा विचार. खर्च पैशाचा नाही, स्मृतीचा आहे. यजमान व पाहुणा एकाच भाकरीतून जेवतात. विंडोज ११ ला स्वतःलाच किमान ४ जीबी स्मृती लागते; उबंटू लिनक्सच्या २०२४ मधील नेहमीच्या आवृत्तीसाठी ४ जीबी स्मृती व २५ जीबी डिस्क असावी, असे तिचे कर्ते सांगत होते. म्हणजे ८ जीबीच्या संगणकावर कसाबसा संसार होतो. ४ जीबीच्या संगणकावर हा प्रयोग करू नये. दोघेही उपाशी राहतात, आणि दोष मात्र विद्येला दिला जातो. यजमानाच्या वाट्याला निम्म्याहून कमी स्मृती कधीही ठेवू नये. डिस्कच्या बाबतीत थोडी सूट आहे: पाहुण्याला २५ जीबीची डिस्क दाखविली, तरी 'गरजेप्रमाणे वाढणारी' हा पर्याय निवडल्यास प्रत्यक्षात भरेल तेवढीच जागा व्यापली जाते.

कार्यक्रम कोणता घ्यावा? 'व्हर्च्युअलबॉक्स' हा मूळचा इनोटेक या जर्मन कंपनीचा. तो २००७ मध्ये मुक्त परवान्याखाली आला, २००८ मध्ये सनकडे व २०१० मध्ये ओरॅकलकडे गेला. त्याचा मूळ भाग विनामूल्य असून शाळेच्या कामास तो पुरेसा आहे. त्याच्याबरोबर मिळणाऱ्या विस्तार-संचाच्या अटी निराळ्या आहेत. त्या वाचल्याशिवाय तो घेऊ नये. व्हीएमवेअरचे 'वर्कस्टेशन प्रो'ही नोव्हेंबर २०२४ पासून सर्वांना विनामूल्य झाले आहे. पाहुणा म्हणून उबंटू घ्यावी, अथवा सी-डॅकने तयार केलेली 'बॉस' ही भारतीय लिनक्स घ्यावी. केरळातील शाळांतून मुक्त प्रणालींवर आधारलेले शिक्षण गेली अनेक वर्षे चालू आहे, हे येथे सांगितले पाहिजे. लिनक्स ही मुलांना न पेलणारी वस्तू आहे, असा समज असल्यास तो सोडून द्यावा.

एक इशारा आधीच दिलेला बरा. मुलांना केवळ चित्रे काढावयास अथवा अंकांचे खेळ खेळावयास द्यावयाचे असतील, तर त्यासाठी दुसरी प्रणाली लागत नाही. 'टक्स पेंट' व 'जीकॉम्प्री' हे दोन्ही कार्यक्रम विंडोजवरही चालतात. मुंगी मारावयास मुसळ घेऊ नये. तसेच संगणक शाळेचा, म्हणजे पर्यायाने शासनाचा आहे. त्यावर काही बसविण्यापूर्वी मुख्याध्यापकांची संमती घ्यावी आणि सर्व दप्तराची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ती डिस्क कपाटात ठेवावी. आभासी संगणकाची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला कोणत्या रकान्यात घ्यावी, हा प्रश्न अद्याप कोणी विचारलेला नाही. तो न विचारलेलाच बरा.

गुरुजींनी हे सर्व क्रमाने केले. उबंटूची स्थापनेची फाईल उतरवून घेतली, व्हर्च्युअलबॉक्समध्ये नवे यंत्र तयार केले, त्याला स्मृती व डिस्क नेमून दिली आणि ते सुरू केले. थोड्या वेळाने चौकटीत प्रश्न आला: 'इरेझ डिस्क अँड इन्स्टॉल उबंटू'. डिस्क पुसून उबंटू बसवू का? गुरुजींचा हात माऊसवरच थिजला. शेजारच्या शाळेची सहा वर्षांची निकालपत्रके त्यांना आठवली. त्या दिवशी त्यांनी तेथेच काम थांबविले.

त्यांचे थांबणे चुकीचे नव्हते. प्रश्न कोण विचारीत आहे हे समजल्याशिवाय 'होय' म्हणू नये. परंतु येथे प्रश्न विचारणारा पाहुणा आहे, आणि त्याला दिसणारी डिस्क म्हणजे त्याच्यासाठी निर्माण केलेली ती एक फाईल आहे. दप्तराची डिस्क त्याच्या दृष्टीच्या टप्प्यातच नाही. खात्री करून घेण्याचा उपाय सोपा आहे. पाहुणा डिस्कचा आकार सांगतो; तो आपण नेमून दिलेला २५ जीबी आहे की खऱ्या डिस्कचा ५०० जीबी, हे पाहावे. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी आकडा पाहिला. २५ होता. त्यांनी 'होय' म्हटले.

प्रारंभी एक लहानशी फजिती हटकून होते. काही वेळा पाहुण्याच्या चौकटीत माऊस क्लिक केला की तो बाहेर येईनासा होतो, आणि संगणक बिघडला असे वाटते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये कळफलकावरील उजव्या बाजूचे 'कंट्रोल' बटण एकदा दाबले की माऊस मोकळा होतो. 'गेस्ट अ‍ॅडिशन्स' हा पूरक संच पाहुण्यात बसविल्यावर ही अडचण सहसा राहत नाही.

या साऱ्या व्यवस्थेत शिक्षकाच्या सर्वांत उपयोगाची वस्तू म्हणजे 'स्नॅपशॉट' होय. यंत्राची एखाद्या क्षणाची स्थिती जशीच्या तशी टिपून ठेवता येते आणि केव्हाही त्या स्थितीस परत जाता येते. मुलांना संगणक देण्यापूर्वी स्नॅपशॉट घ्यावा. तास संपल्यावर त्यावर परतावे. मधल्या वेळात मुलांनी काय पुसले, काय हलविले, याची चिंता उरत नाही. पाटीवर चूक झाली तर बोटाने पुसता येते म्हणूनच मूल पाटीवर न भिता लिहिते, हे शिक्षकांना निराळे सांगावयास नको. मात्र स्नॅपशॉट म्हणजे दप्तराची सुरक्षित प्रत नव्हे. तो त्याच डिस्कवर असतो. डिस्क बिघडली की यजमान, पाहुणा आणि स्नॅपशॉट तिघेही एकदम जातात. विजेचाही विचार ठेवावा. वीज गेल्यावर बॅटरीचा आधार नसेल तर पाहुण्याची डिस्क अर्धवट लिहिली जाऊन खराब होऊ शकते. यास्तव आधी पाहुणा बंद करावा अथवा त्याची स्थिती साठवावी, मग यजमान बंद करावा.

भिंत कितपत पक्की आहे, हेही सांगितले पाहिजे. सामान्यतः ती चांगली पक्की आहे, अभेद्य नाही. मे २०१५ मध्ये 'व्हेनम' नावाचा एक दोष उघडकीस आला. खोट्या संगणकात जुन्या फ्लॉपीचा एक खोटा चालक ठेवलेला होता. फ्लॉपी कोणी वापरीत नव्हते, परंतु त्या चालकातील २००४ पासूनच्या चुकीमुळे पाहुण्याला भिंत फोडून बाहेर येणे शक्य होते. चूक दुरुस्त करण्यात आली. बोध इतकाच की, आभासीकरणाचा कार्यक्रम वेळोवेळी अद्ययावत करावा आणि नको असलेली खोटी साधने काढून टाकावीत. यजमान व पाहुणा यांच्यात सामाईक फोल्डर ठेवता येतो. ती भिंतीतली खिडकी समजावी. दप्तराचा फोल्डर कधीही सामाईक करू नये. आणखी असे की, यजमानच जीर्ण असेल तर आतला नवा पाहुणा त्याचे रक्षण करू शकत नाही. विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली. अशा यंत्रावर लिनक्सला पाहुणा करून दप्तर सुरक्षित होत नाही; तेथे यजमानाचाच विचार केला पाहिजे.

जुन्या प्रश्नसंग्रहाच्या बाबतीत पाहुणा उलट जुना हवा होता. शाळेच्या कपाटात पेटीबंद विकत घेतलेली विंडोज एक्सपीची तबकडी तिच्या क्रमांकासह जपून ठेवलेली होती, आणि ज्यासाठी ती घेतली तो संगणक निर्लेखित झालेला होता. हा तपशील महत्त्वाचा आहे. पाहुणा म्हणून विंडोज बसवावयाची तर तिलाही रीतसर परवाना लागतो, आणि संगणकाबरोबर आलेला परवाना बहुधा त्याच यंत्रापुरता असतो. ३२ बिटांच्या एक्सपीवर १६ बिटांचे कार्यक्रम चालतात. एक्सपीच्या सुरक्षा-दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ पासून बंद झालेल्या असल्यामुळे गुरुजींनी त्या यंत्राचे जाळ्याशी असलेले नाते प्रथमच तोडून टाकले: मांडणीत 'नेटवर्क' बंद. मग जुना टंकलेखन कार्यक्रम बसविला आणि फाईल उघडली. पहिल्या पानावर विहिरीच्या खोलीचे आणि बैलगाडीच्या चाकाच्या फेऱ्यांचे गणित होते. युनिकोडमध्ये रूपांतर करणारे कार्यक्रम मिळतात, त्यांतून सर्व प्रश्न काढून घेतले. जोडाक्षरे व रफार पुष्कळ ठिकाणी बिघडले, ते शाळेतील बाईंनी जुन्या यंत्रातील पान शेजारी उघडून ओळीओळीने दुरुस्त केले. त्या कामास तीन आठवडे लागले.

मुलांचा तास शनिवारी ठेवण्यात आला. पहिल्याच शनिवारी चौथीतील एका मुलीने लिनक्सच्या पडद्यावरील पट्टीच कोठेतरी घालविली आणि ती रडकुंडीला येऊन उभी राहिली. गुरुजींनी यंत्र थांबविले, तिला जवळ बोलावून स्नॅपशॉटवर परत जाण्याचे बटण तिच्याच हाताने दाबविले, आणि यंत्र पुन्हा सुरू होताच पट्टी जागच्या जागी आली. मुलगी क्षणभर पडद्याकडे पाहत राहिली, मग म्हणाली, "गुरुजी, आता परत घालवू?"